प्रमाणपत्र पोचलं, आता पाठीशी माणूस द्या

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातल्या शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं आणि आरोग्य केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण ठरवणारे सर्व अधिकारी, संस्थाचालक आणि प्राचार्य यांस

विषय : मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी होणारी प्रशिक्षणं, आणि त्यानंतर काहीच न होणं

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

मी शहराच्या पूर्व भागातल्या एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’ म्हणून निवडायचे असतात, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री. आमच्या शाळेतली ती स्त्री मी. त्यामुळे मुलांच्या मानसिक आरोग्याचं कुठलंही प्रशिक्षण निघालं की लिंक आधी माझ्या फोनवर येऊन पडते. यंदाही आली. दुपारी तीन ते पाच, सर्वांनी वेळेत जॉइन व्हावे, जिओटॅग फोटो व अहवाल आजच सादर करावा. विषय होता ‘किशोरवयीन विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य व समुपदेशन कौशल्ये’. दोन तासांत!

या बाबतीत मुख्याध्यापकांमार्फत, रीतसर, जे लिहायचं ते लिहून झालं आहे. पण ज्यांची मुलं आमच्या बाकांवर बसतात त्या आईबापांनाही हे कळायला हवं, म्हणून आता उघडपणे लिहिते.

त्या दुपारी काय झालं ते आधी सांगते. पडद्यावर पीपीटी. बोलणाऱ्या तज्ज्ञ बाई अभ्यासू होत्या, तळमळीच्या होत्या, पण समोर शेकडो काळे चौकोन. चॅटमध्ये एकाखाली एक ‘उपस्थित’, ‘उपस्थित’, नाव, शाळा, शालार्थ आयडी. कुणाचा तरी माइक सुरू राहिला आणि कुकरच्या शिट्ट्या सगळ्यांनी ऐकल्या. संपता संपता एका शिक्षकाने चॅटमध्ये विचारलं : ‘मुलगी स्वतःला इजा करून घेते. घरी सांगू नका म्हणते. काय करायचं?’ उत्तर आलं : ‘पालकांना विश्वासात घ्या. वेळेअभावी पुढच्या मुद्द्याकडे वळू.’ मग गुगल फॉर्म. पहिला प्रश्न, मानसिक आरोग्य म्हणजे काय? चार पर्याय, शेवटचा ‘वरीलपैकी सर्व’. दिवेलागणीच्या आत प्रमाणपत्र फोनवर. त्यात माझं आडनाव चुकलंय, पण ते जाऊ दे.

त्या शिक्षकाच्या प्रश्नाला दोन दिवस द्यायला हवे होते. त्या मुलीला नेमकं काय विचारायचं? ‘मरून जावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारायची आपल्याकडे सगळ्यांनाच भीती. विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेलं भरेल, असं स्टाफरूममध्ये आजही ठामपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट मूल मोकळं होण्याची शक्यता वाढते, हे या क्षेत्रातल्या लोकांना कधीचं ठाऊक आहे. वर्गावरच्या शिक्षकापर्यंत ते पोचलेलं नाही. ‘घरी सांगू नका’ याला काय उत्तर द्यायचं? सरसकट ‘नाही सांगणार’ असा शब्द देता येत नाही, कारण जिवाला धोका असेल तर सांगावंच लागतं. आणि बोलता बोलता लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा होऊ शकते. मग ही मर्यादा मुलीला आधी सांगायची की नंतर? आधी सांगितली तर ती बोलेल का? छळणारा घरातलाच असेल तर ‘पालकांना विश्वासात घ्या’ या सल्ल्याने तिचं काय होईल? दुसऱ्या दिवशी ती वर्गात येईल तेव्हा तिच्याशी कसं वागायचं, बाकीच्या मुलींना काय सांगायचं? हे पीपीटी बघून येत नाही. समोरासमोर बसून, एकाने विद्यार्थी व्हायचं, दुसऱ्याने शिक्षक, जाणत्या माणसाने मधे थांबवून चुका दाखवायच्या, पुन्हा करायचं. गणिताचा शिक्षक म्हणून एवढं कळतं की सोडवलेली उदाहरणं वाचून कुणाला गणित येत नाही.

आता कायद्याचं बोलू, कारण हे सगळं मी मनाचं मागत नाही. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. त्यात म्हटलं आहे की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, आणि त्याला मुलांच्या व किशोरांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण असायला हवं. संस्था लहान असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी पक्की जोडणी हवी. शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा, प्रमाणित तज्ज्ञांकडून प्रशिक्षण हवं : मानसिक प्रथमोपचार, धोक्याची लक्षणं ओळखणं, मूल स्वतःला इजा करून घेत असेल तर काय करायचं, पुढे कुणाकडे पाठवायचं. मार्कांवरून तुकड्या पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका, हेही त्यात आहे. आणि यावर देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती.

निकालात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे २०२२ चे आकडे आहेत : देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं, त्यांतल्या २,२४८ जणांच्या नावापुढे परीक्षेतलं अपयश हे कारण लिहिलेलं. राज्यवार यादीत त्या वर्षी सर्वांत वर महाराष्ट्र होता. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं होतं. माझ्या वर्गाच्या पटावर साठ नावं आहेत. म्हणजे हिशेबाने चारेक. ती कोण, हे मला पटावरून कळत नाही.

माझ्या तक्रारी आता एकेक सांगते.

पहिली तक्रार प्रशिक्षणानंतरच्या पोकळीबद्दल आहे. प्रशिक्षणात शेवटची स्लाइड असते : ‘गरज भासल्यास तज्ज्ञांकडे पाठवा.’ कुठल्या तज्ज्ञांकडे? कोणत्या वारी? केसपेपर कुठे काढायचा? मूल अठराच्या आतलं असेल तर सोबत कोण लागतं? माझ्यासारखीला अडचण आली तर संध्याकाळी फोन कुणाला करायचा? यातलं काही त्या स्लाइडवर नसतं.

एका मुलीचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिची आई घरी बसून विड्या वळते. मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे त्या दिवसाची विडी बुडाली, मजुरी बुडाली, कारखान्यात माल द्यायचा राहिला. तरी आई आली. डॉक्टर भले होते, बाहेर रांग मोठी होती. आईला मराठी जेमतेम, डॉक्टरांना तेलुगू नाही. मग दुभाषाचं काम कुणी केलं? त्या मुलीनेच. झोप लागते का, जेवण जातं का, इथपर्यंत ठीक चाललं. त्यापुढचे प्रश्न तिने आईला विचारलेच नाहीत. आईच्या वतीने उत्तरं मात्र भराभर देऊन टाकली. मला तेलुगू थोडं कळतं, बोलता येत नाही, त्यामुळे काय गाळलं जातंय ते समजत होतं. पुढच्या खेपेला आमच्या शाळेतल्या मावशींना सोबत घेतलं. त्यांनी बाहेरच्या बाकावर बसून त्या आईशी जे बोलणं केलं, ते माझ्याच्याने झालं नसतं. या मावशींना कसलंही प्रशिक्षण मिळालेलं नाही. मिळणारही नाही, कारण प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं पदच नसतं.

म्हणून दुसरी तक्रार यादीबद्दल. ‘शिक्षकेतर’ हा शब्द न्यायालयाने उगाच घातलेला नाही. कोणती मुलगी डबा न खाता परत नेते, कोण मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात कोंडून घेते, हे मावशींना आमच्या आधी कळतं. वसतिगृहाच्या रेक्टरना, मेसमध्ये वाढणाऱ्यांना, रात्रीच्या वॉचमनला त्याहून जास्त. आणि शाळेच्या बाहेरचं तर विचारूच नका. पोलीस भरतीच्या अॅकॅडम्या, एमपीएससीच्या अभ्यासिका, नीट-जेईईचे क्लास. लातूर पॅटर्नसाठी इथून जाणारी पोरं वेगळीच. ती पंधरा-सोळाव्या वर्षी खोली करून राहतात आणि आपल्या कुणाच्याच हिशेबात नसतात. अभ्यासिकेत चौथ्यांदा प्रिलिम हुकलेला पोरगा सकाळी सातला येऊन रात्री अकराला जातो. त्याच्याशी दिवसभरात बोलणारा माणूस एकच, अभ्यासिकेचा चालक, तोही बहुतेक महिन्याच्या फीबद्दल. त्या चालकाला अर्धा दिवस बसवून चार गोष्टी शिकवायला किती खर्च येईल?

तिसरी तक्रार माझ्या स्वतःच्या जातीविरुद्ध वाटेल, म्हणजे शिक्षकांविरुद्ध. पण सांगायलाच हवी. सगळा भार शिक्षकावर टाकून हे काम होत नाही, आणि याला पुरावा आहे. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात सत्तरहून जास्त सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकांना शिकवून त्यांच्याकडे दिला. काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या, स्थानिक, डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडे दिला. दुसऱ्या गटातल्या शाळांचं वातावरण चांगलंच सुधारलं, नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांच्या गटात फरक पडला नाही. कार्यक्रम तोच, माणूस वेगळा!

मला याचं नवल वाटलं नाही. मी मुलांना मार्क देते, वही अपुरी म्हणून उभं करते, पालकांना बोलावते. त्याच मुलाने मधल्या सुट्टीत येऊन मला पोटातलं सांगावं अशी अपेक्षा ठेवणं भाबडेपणाचं आहे. काही मुलं सांगतात, ती त्यांची हिंमत. शिवाय वेळ कुठला आणायचा? मतदार यादीचं बीएलओचं काम, शाळेची माहिती भरायचं यू-डायस, शिष्यवृत्तीचे फॉर्म, आधार जुळणी, निरनिराळे दिन आणि त्यांचे फोटो. शिक्षकाने लक्षण ओळखावं, मुलाशी नीट बोलावं, योग्य माणसाच्या हाती सोपवावं. एवढं आम्हाला शिकवा, आम्ही नक्की करू. पण तो ‘योग्य माणूस’ कुणीतरी नेमला पाहिजे ना.

चौथी गोष्ट थोडक्यात. समुपदेशक कुणाला म्हणायचं, याचा गोंधळ. शहरात ‘समुपदेशन केंद्र’ असे फलक वाढलेत. काही ठिकाणी चांगली माणसं आहेत, काही ठिकाणी चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेली. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. बाकीच्या संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ चा कायदा आलेला आहे. हे पालकाला कसं कळणार? शाळेने कागदावर पद भरायचं म्हणून कुणालाही नेमलं, तर नसलेलं बरं म्हणायची वेळ येईल.

पाचवी आरोग्य केंद्रांबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३१ मध्ये सरकारी आरोग्य संस्थांतल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक आणि तातडीच्या मानसिक उपचारांचं प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. लोकसंख्येच्या मानाने पुरेसे तज्ज्ञ तयार करण्यासाठी सरकारने प्रयत्न करावेत आणि त्याला मुदत दहा वर्षांची. म्हणजे मे २०२८. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती. अकरा तालुके. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. करमाळ्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या खेड्यातल्या मुलासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर हाच पहिला, आणि बऱ्याचदा शेवटचा माणूस. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, मानसिक आरोग्य हा त्यातल्या सहा विषयांपैकी एक. किशोरांसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकची माहिती आमच्या शाळेतल्या मुलांना विचारा. एकालाही सांगता येणार नाही, पैज लावते.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला. माढा, मोहोळकडच्या शाळांत पाणी शिरलं, दप्तरं वाहून गेली. नंतर वह्या, दप्तरं, चादरी घेऊन माणसं धावली, सोलापूरकर अशा वेळी मागे राहत नाहीत. आम्हीही शाळेतून वह्या गोळा करून दिल्या. तिथल्या एका शिक्षक-मित्राने नंतर सांगितलं, नुसतं आभाळ भरून आलं की वर्गातली दोन-तीन पोरं रडायला लागायची, आणि याला काय करायचं ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मानसिक प्रथमोपचार म्हणजे फार मोठं शास्त्र नव्हे : पाहा, ऐका, जोडून द्या. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची पुस्तिका २०११ मध्येच काढली आहे. पूर काही शेवटचा नाही, दुष्काळ तर आपल्या पाचवीलाच पुजलेला. दप्तरांबरोबर अशी दोन शिकलेली माणसं गावात पाठवायची तयारी आतापासून करावी लागेल.

हे सगळं सोलापुरात जमणार नाही असं कुणी म्हणत असेल तर मला मान्य नाही. इथे १९६३ मध्ये सुरू झालेलं, आता शासकीय असलेलं वैद्यकीय महाविद्यालय आहे. एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ २००४ पासून आहे. एवढी सोय कितीशा जिल्ह्यांकडे आहे? शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी वेळापूरला ‘डाएट’, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. मानसशास्त्र आणि समाजकार्य शिकून दरवर्षी पोरं-पोरी बाहेर पडतात, आणि त्यांतली बरीच पुण्याला जाऊन कुठल्यातरी कंपनीच्या एचआरमध्ये किंवा कॉल सेंटरमध्ये बसतात. त्यांतल्या कित्येकांना घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी येते. आमच्या मुलांना नेमकी अशीच माणसं हवीत.

तेव्हा मागण्या. शक्य तितक्या स्पष्ट लिहिते.

एक. लिंकवरची प्रशिक्षणं बंद करा. वर्षातून दोनदा, प्रत्येकी दोन पूर्ण दिवस, प्रत्यक्ष, एका गटात तीसपेक्षा जास्त माणसं नकोत, निम्मा वेळ प्रत्यक्ष सरावाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेवलंत तरी येऊ. फक्त त्या दिवसांची अर्जित रजा द्या आणि तेव्हा दुसरं काम लावू नका.

दोन. प्रत्येक केंद्रासाठी, म्हणजे आसपासच्या काही शाळांना मिळून, पूर्ण वेळ एक प्रशिक्षित कार्यकर्ता नेमा. जिल्ह्यातलाच, मानसशास्त्र किंवा समाजकार्याचा पदवीधर, परिसरातली एक तरी बोली येणारा. तीन-चार महिन्यांचं प्रशिक्षण, त्यातलं निम्मं प्रत्यक्ष कामावर. मानधन दरमहा वेळेवर. हे नीट अधोरेखित करते, कारण आशाताईंच्या मोबदल्याचं काय होतं ते आपण सगळे बघतो. न्यायालयाने शंभरावर पट असलेल्या प्रत्येक संस्थेला सांगितलेलं समुपदेशकाचं पद यामुळे टळत नाही. ते भरेपर्यंत तरी मुलं वाऱ्यावर नकोत.

तीन. या कार्यकर्त्यांच्या आणि आरोग्यदूत शिक्षकांच्या पाठीशी जाणता माणूस ठेवा. दर पंधरा दिवसांनी तालुक्याच्या ठिकाणी एक बैठक, मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञासोबत. कुणाचं नाव न घेता अडलेली प्रकरणं मांडायची, पुढे काय करायचं ते ठरवायचं. अहवाल नको, फोटो नको, फक्त बैठक. तातडीच्या वेळी शिक्षकाने करायचा एक फोन नंबर, जो उचलला जाईल. एकच मागणी मान्य करायची असेल तर ही करा. बाकीचं त्याच्या आधाराने उभं राहील.

चार. तालुकावार एक पानाचा तक्ता छापा. कुठे जायचं, कोणत्या वारी, किती वाजता, सोबत काय न्यायचं, कोणती भाषा बोलणारं कोण भेटेल. दर तीन महिन्यांनी नवा. तो मुख्याध्यापकांच्या कपाटात नको, फलकावर हवा, पालकांनाही दिसेल असा.

पाच. प्रशिक्षणाच्या यादीत मावशी, शिपाईमामा, रेक्टर, मेसचालक, अभ्यासिकेचे आणि अॅकॅडमीचे चालक यांना घाला. त्यांच्यासाठी अर्धा दिवस, त्यांच्या भाषेत, गुगल फॉर्म न भरता.

सहा. शंभरावर पट असलेल्या किती संस्थांत पात्र समुपदेशक आहे, त्याची पात्रता काय, प्रशिक्षण कधी झालं, कुणी दिलं, हे संस्थावार जाहीर करा. जिल्हा समितीच्या बैठकांचं इतिवृत्तही. मुलांची नावं अर्थातच नकोत. पदांची माहिती लपवण्यासारखी नाही.

सात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचं कलम ३१ प्रमाणे प्रशिक्षण कधी पूर्ण होणार, याचं वेळापत्रक द्या. मे २०२८ ची वाट बघू नका.

शिक्षकांच्या स्वतःच्या मनःस्थितीबद्दल मी मुद्दाम लिहिलेलं नाही. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे आणि ते पत्र याहून लांब होईल.

आमच्याकडून काय देऊ शकतो तेही सांगते, नुसतं मागणं शोभत नाही. पूर्व भागातल्या काही शाळांतल्या आम्ही शिक्षिका आपसांत बोललो आहोत. महिन्यातून एक शनिवारची दुपार द्यायला तयार आहोत. वर्गखोल्या देण्याबद्दल आमच्या मुख्याध्यापकांनी तोंडी होकार दिलेला आहे. तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या काही माता-पालक दुभाषाचं काम शिकायला राजी आहेत. त्यांना गुप्ततेची शिस्त कुणीतरी शिकवायला हवी, ती आम्हाला शिकवता येणार नाही.

उत्तर लेखी द्यावं, आणि प्रत्येक मागणीपुढे ‘होय’, ‘नाही’ किंवा तारीख लिहावी. ‘कार्यवाही सुरू आहे’ असं असेल तर कुणाच्या टेबलावर सुरू आहे तेही लिहावं. दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू व्हायच्या आत निदान तिसऱ्या आणि चौथ्या मागणीचं काही करता आलं, तर या वर्षीच्या मुलांच्या उपयोगी पडेल.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका (आरोग्यदूत)
पूर्व भाग, सोलापूर

ता. क. : हे पत्र वाचणाऱ्या पालकांसाठी आणि मुलांसाठी. ‘टेलि-मानस’चा नंबर १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि मराठीखेरीज तेलुगू-कन्नडमध्येही बोलता येतं. अठराच्या आतल्या मुलाला कुणी त्रास देत असेल, तर १०९८. न्यायालयाच्या सूचनेप्रमाणे टेलि-मानसचा नंबर वर्गात, वसतिगृहात, सर्वांना दिसेल अशा जागी मोठ्या अक्षरांत लावलेला असायला हवा. आपल्या मुलाच्या शाळेत आणि क्लासमध्ये तो आहे का, उद्या मुलाला सोडायला जाल तेव्हा बघून या. नसेल तर ऑफिसात विचारा.